गाडगेबाबांचा खराटा

पहाटेची वेळ आहे. गावाच्या वेशीतून एक अनोळखी माणूस आत येतो. नाना रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र त्याच्या अंगावर आहे. एका कानात कवडी आहे, तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच लोंबते आहे. मातीच्या गाडग्याचे खापर त्याने डोक्यावर टोपीसारखे पालथे घातले आहे आणि हातात खराटा धरला आहे. तो कोणाचे घर विचारीत नाही की कोणापुढे हात पसरीत नाही. वेशीपाशीच तो कमरेत वाकतो आणि केर लोटू लागतो.

पाणवठ्याकडे निघालेल्या बाया क्षणभर थबकतात. कुत्री भुंकतात. कोणी वेडा आला असे समजून पोरे त्याच्यामागे लागतात. तो मात्र मान वर करीत नाही. दिवस कासराभर वर येईपर्यंत वेशीपासून चावडीपर्यंतचा रस्ता लख्ख होतो. मारुतीच्या पारासमोरील पालापाचोळा एका बाजूस गोळा होतो. विहिरीच्या भोवती साचलेल्या चिखलाला वाट मिळते आणि सांडपाणी वाहून जाते. मग हसणारी पोरेच हळूहळू टोपल्या घेऊन येतात. त्यांच्यामागून मोठी माणसे येतात. पाहुणा आपले गाव झाडतो आहे आणि आपण ओसरीवर बसून पाहतो आहोत, या जाणिवेने त्यांना लाज वाटते. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर सारा गाव जमतो आणि सकाळचा वेडा कीर्तनाला उभा राहतो. तेव्हा कुठे लोकांना कळते की, हे गाडगेबाबा आहेत!

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांनी हे दृश्य पाहिले. बाबांचा जन्म वऱ्हाडातला. तरीही दूर कृष्णाकाठी, सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडात, एका महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. पुढे सांगली जिल्ह्यातील एका मंत्र्याने गावोगावच्या स्वच्छतेच्या मोहिमेलाही तेच नाव दिले. एका निरक्षर माणसाला हा मान कसा मिळाला, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या लहानशा खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी बाबांचा जन्म झाला. त्यांचे नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे नाव सखूबाई. आडनाव जानोरकर. घरचा व्यवसाय परटाचा, म्हणजे लोकांचे मळलेले कपडे धुऊन स्वच्छ करून देण्याचा. दुसऱ्याचा मळ काढण्याचे काम अशा रीतीने डेबूजीच्या घराण्यातच होते. परंतु त्या घराला दारूच्या व्यसनाने ग्रासले. डेबूजी लहान असतानाच त्या व्यसनापायी झिंगराजींचा अंत झाला. पदरात पोर घेऊन सखूबाईने भावाचा आसरा घेतला. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, मामांच्या घरी, डेबूजी वाढला.

शाळेचे तोंड त्याला पाहावयास मिळाले नाही. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, गुरे रानात न्यावी आणि दिवस मावळता परत आणावी, हीच त्याची शाळा होती. थोडा मोठा झाल्यावर तो नांगर धरू लागला. त्याच्या घामाने मामांची शेती बहरली. परंतु ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्या कष्टाचे फळ इतरांच्या घरी जाण्यास वेळ लागत नाही. सावकाराच्या कागदांनी मामांची जमीन गिळली. कागदावर काय लिहिले आहे हे कळत नसल्यामुळे कष्टाळू माणसे कशी नागवली जातात, हे डेबूजीने त्या वेळी डोळ्यांनी पाहिले. दारूने वडील नेले आणि निरक्षरतेने जमीन नेली. या दोन जखमा तो जन्मभर विसरला नाही.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईशी झाला. मुलीच्या बारशाच्या वेळी जातभाईंना मांस आणि दारू यांची मेजवानी देण्याची चाल होती. कर्ज काढावे लागले तरी ती मोडू नये, असा लोकांचा आग्रह असे. डेबूजीने पंगतीत गोड जेवण वाढले आणि दारूला उंबरठा ओलांडू दिला नाही. आप्तस्वकीय रागावले, पण डेबूजी डगमगला नाही. जे वाईट आहे ते केवळ जुने आहे म्हणून पुढे चालवू नये, हा त्याचा निश्चय त्या दिवशी प्रथम प्रकट झाला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजीने घर सोडले. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे एवढाच त्याचा संसार उरला. त्या गाडग्यातच तो मिळालेली भाकरी खाई, त्यातूनच पाणी पिई आणि ऊन लागले तर तेच डोक्यावर घेई. गाडगे वागविणारा म्हणून लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे त्याच्या चिंध्यांमुळे चिंधेबाबा, तर कोठे गोधडीमुळे गोधडेबुवा, अशीही नावे पडली. ज्याने सर्वस्व सोडले त्याला स्वतःच्या नावाचा तरी मोह कशाला असणार?

घर सोडून संन्याशी होणारे पुष्कळ असतात. कोणी हिमालयात जातात, कोणी गुहेत बसून जप करतात. गाडगेबाबांनी खेड्यांची वाट धरली आणि हाती खराटा घेतला. याचे कारण समजण्यासाठी त्या काळातील खेडे डोळ्यांपुढे आणले पाहिजे.

त्या वेळी बहुतेक घरांच्या दाराशीच उकिरडा असे. शेण, राख, उष्टे आणि झाडलोट यांचा ढीग वर्षभर तेथे साठे. न्हाणीचे पाणी बोळात सोडलेले असे आणि बोळातील चिखल विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचे. पावसाळ्यात सारी घाण वाहत पाणवठ्यात जाई आणि तेच पाणी लोक पीत. मग पटकीची साथ येई आणि दोन-चार दिवसांत घरेच्या घरे ओस पाडी. पंढरीच्या वारीत लाखो माणसे एकत्र जमत, तेथेही पटकीने अनेकांचा बळी घेतला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा तो रोग लवकरच खेड्यापाड्यांत शिरला. सातारा जिल्ह्याला त्याचा मोठा तडाखा बसला. लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. देवीचा कोप झाला असे मानून कित्येक गावे कोंबडी-बकरी कापीत. परंतु दाराशी साठलेल्या घाणीकडे कोणाचे लक्ष जात नसे.

याहून मोठी अडचण लोकांच्या मनात होती. घाण करण्याचा हक्क सर्वांना आणि ती काढण्याचे काम मात्र काही थोड्या जातींना, अशी समाजाने वाटणी करून ठेवली होती. मेलेली जनावरे ओढणे, गल्ल्या झाडणे, मैला वाहणे ही कामे ज्यांच्या माथी मारली त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवले. ज्यांच्यामुळे गाव निरोगी राहते, त्यांच्याच स्पर्शाने गाव विटाळतो, असा उलटा न्याय रूढ झाला होता. जोपर्यंत केर काढणे हीनपणाचे मानले जाईल तोपर्यंत कोणताही गाव स्वच्छ होणार नाही, हे बाबांनी ओळखले. म्हणून त्यांनी उपदेश करण्यापूर्वी स्वतः खराटा उचलला. लोक ज्याच्या पाया पडू पाहत तो माणूसच त्यांची गटारे उपसू लागला. बाबा पाया पडू देत नसत. पण त्यांच्याबरोबर काम करण्यास कोणालाही मज्जाव नव्हता. हाती टोपली घेतलेल्या माणसाची जात विचारण्याचे भान मग कोणालाच उरत नसे.

दिवसा असे गाव झाडून झाले म्हणजे रात्री मने झाडण्याचे काम सुरू होई. बाबांचे कीर्तन इतर कीर्तनकारांसारखे नसे. संस्कृत श्लोक नाहीत, शास्त्राचा काथ्याकूट नाही. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तरे देई. देवाला नैवेद्य दाखवून तो कुत्र्याने खाल्ला तर देव कुत्र्याला हाकलतो का, नवसासाठी मुके जनावर कापल्याने देव प्रसन्न होतो का, कर्ज काढून लग्न केल्याने संसार सुखाचा होतो का, अशा प्रश्नांतून ते श्रोत्यांनाच विचार करावयास लावीत. लोक पोटभर हसत आणि हसता हसता आपल्याच वेडेपणावर हसत आहोत हे त्यांच्या ध्यानी येई. दारू पिऊ नका, सावकाराचे ऋण काढू नका, कोणाला अस्पृश्य मानू नका, आणि जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मुलांना शाळेत घाला, हेच त्यांच्या कीर्तनाचे सार असे. कीर्तन संपले की सत्काराची वाट न पाहता ते निघून जात. दुसऱ्या दिवशीची पहाट दुसऱ्या गावाच्या वेशीत उजाडे.

बाबांची कीर्ती वाढली तसा पैशाचा ओघ सुरू झाला. धनिक लोक त्यांच्यापुढे हजारो रुपये ठेवू लागले. त्या पैशातील एक पैही त्यांनी स्वतःकडे घेतली नाही. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर यात्रेकरूंसाठी घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांचीही त्यांनी सोय केली. एवढ्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी मात्र त्यांत एक खोलीही राखून ठेवली नाही.

या भ्रमंतीत बाबांचा सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांशी स्नेह जुळला. भाऊरावांचा जन्म कुंभोजचा. त्यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलविले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही सर्व कामे मुलेच आळीपाळीने करीत. हे वसतिगृह चालविण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. उच्चवर्णीय मानलेला मुलगा आंगण झाडतो आहे आणि त्याच्याशेजारी अस्पृश्य मानलेला मुलगा पाणी शिंपतो आहे, हे तेथील रोजचे चित्र होते. गाडगेबाबा गावोगाव जे करीत होते, तेच भाऊराव चार भिंतींच्या आत मुलांकडून नित्य करून घेत होते. एकाच्या हाती खराटा होता, दुसऱ्याच्या हाती पाटी होती. पण दोघेही एकच केर काढीत होते.

१९५४ साली भाऊरावांनी कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडात महाविद्यालय काढले आणि त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला शाळेची पायरी चढता आली नाही त्याचे नाव महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर झळकले. सावकाराच्या कागदापुढे हतबल झालेल्या दापुऱ्याच्या त्या गुराख्याला याहून मोठा न्याय कोणता मिळाला असता?

आता बाबांचे वय ऐंशीकडे झुकले होते. शरीर थकले, तरी पाय थांबले नाहीत. १९५२ साली त्यांच्या सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर वाटेतच बाबांनी देह ठेवला. ज्याने एका गावाहून दुसऱ्या गावास जाण्यात आयुष्य वेचले, त्याचा अंतही प्रवासातच व्हावा, हे त्याच्या जीवनास साजेसेच झाले.

बाबा गेले, खेड्यांतील उकिरडे मात्र एकदम गेले नाहीत. एका माणसाने झाडलेला रस्ता चार दिवसांत पुन्हा मळतो. तो नित्य स्वच्छ राहावयाचा तर साऱ्या गावाने मिळून त्याची व्यवस्था लावली पाहिजे. हा विचार पुढे एका मोठ्या मोहिमेतून साकार झाला. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात अंजनी नावाचे खेडे आहे. तेथील आर. आर. पाटील महाराष्ट्राचे ग्रामविकास मंत्री असताना २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. या अभियानाची रीत बाबांच्याच रीतीसारखी होती. सरकारने आधी पैसे द्यावे आणि मग गावाने काम करावे, असे त्यात नव्हते. गावाने ग्रामसभा भरवावी, श्रमदान करावे, वर्गणी काढावी. मग त्या कामाची पाहणी व्हावी आणि स्वच्छ ठरलेल्या गावांना तालुक्यापासून राज्यापर्यंत पारितोषिके मिळावी, अशी योजना होती.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील खेडी उत्साहाने पुढे सरसावली. पहाटे प्रभातफेऱ्या निघू लागल्या. शाळेतील मुले हाती झाडू घेऊन सर्वांच्या पुढे असत. कोरेगाव तालुक्यातील धामणेरसारख्या गावाने स्वच्छतेत नाव मिळविले आणि दूरदूरची माणसे ते पाहण्यास येऊ लागली. अशा मोहिमेत उतरलेल्या गावाला अनेक गोष्टींची घडी बसवावी लागते. दाराशी असलेले उकिरडे गावाबाहेर नेमलेल्या जागी हलवावे लागतात. सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणावे लागतात. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करून ठरल्या वेळी येणाऱ्या गाडीत द्यावा लागतो. पाला, शेण आणि उष्टे यांचे खड्ड्यात थर दिले तर काही महिन्यांत त्यांचे उत्तम खत होते. गांडुळे त्या कामी साह्य करतात. जी वस्तू रोग पसरवीत होती तीच शेताला कस देते.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. पारितोषिकासाठी झाडलेला गाव पारितोषिक मिळाल्यावर पुन्हा मळलेला अनेक ठिकाणी दिसला. पाहुणे येणार म्हणून एक दिवस खराटा धरणे सोपे आहे. रोज धरणे कठीण आहे. शिवाय बाबांच्या काळातील केर बहुतेक कुजून मातीत मिसळणारा होता. आज त्यात प्लॅस्टिकची भर पडली आहे. ते कुजत नाही, गुरांच्या पोटात जाते, गटारे तुंबविते आणि जाळले तर विषारी धूर सोडते. म्हणून कचऱ्याची गाडी, खताचा खड्डा आणि सुक्या कचऱ्याची विल्हेवाट यांची कायमची व्यवस्था प्रत्येक गावाला करावी लागते. त्या गाडीवर काम करणाऱ्या माणसांना पुरते वेतन, हातमोजे आणि सन्मान मिळाला पाहिजे. नाही तर घाण आपली आणि काम त्यांचे, हा जुनाच अन्याय नव्या वेषात परत येईल.

गाडगेबाबांनी कोणताही ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापिला नाही आणि कोणाला शिष्य म्हणून मंत्र दिला नाही. त्यांनी मागे ठेवला तो एक खराटा. तो कोणा एका जातीचा नाही, कोणा एका दिवसाचाही नाही. उद्या सकाळी आपल्या आळीतून कचऱ्याची गाडी जाईल तेव्हा, वेगळा केलेला कचरा स्वतःच्या हाताने तिच्यात देणाऱ्या आणि गाडीवरील माणसाला आदराने हाक मारणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती तो खराटा आलेला असेल.